पाइप गोठू न देणारी सेल्फ-रेग्युलेटिंग केबल : मोठ्या इमारतीसाठी घ्यावी का?

पंपघर, उघडं पार्किंग, गच्चीवरची लाइन. पाणी आधी गोठतं ते अशा गरम न ठेवलेल्या जागी. गोठताना ते साधारण 9 टक्के फुगतं. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढून पाइप फुटतो, आणि गळती दिसते ती बर्फ वितळल्यावर.

इथे पाइपला लावून त्याला ऊब देणारी ही विजेची केबल, कायम सारखीच उष्णता देणाऱ्या साध्या स्थिर-वॅट केबलपेक्षा नक्कीच उजवी. तिच्या दोन तारांमधलं कार्बनमिश्रित पॉलिमर थंडीत जास्त वीज वाहू देतं, तापलं की कमी. त्यामुळे वॉल्व्हभोवतीचे वेढे एकमेकांवर आले तरी ती जळत नाही. हव्या त्या लांबीची कापताही येते.

बिघडतं ते बसवताना. आडव्या पाइपवर केबल खालच्या अंगाला, घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी, सरळ न्यावी. प्लास्टिक पाइपवर अॅल्युमिनियम टेप हवीच, नाहीतर उष्णता पसरत नाही. शेवटच्या टोकाला दोन तारा एकमेकींना कधीही जोडू नयेत, थेट शॉर्ट होतो. एंड सील, म्हणजे ते टोक बंद करणारं झाकण, ढिलं राहिलं तर ओल शिरते आणि 30 मिलिअँपिअरचा लीकेज ब्रेकर (वीज गळताच पुरवठा तोडणारा) सारखा पडतो. म्हणून पाइपवर इन्सुलेशन (उष्णता आत धरणारं आवरण) चढवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा मेगर (केबलमधून वीज गळते का ते तपासणारं यंत्र) लावून बघाच. इन्सुलेशनवर पैसे वाचवायचे असतील तर केबल घेऊच नका.

थर्मोस्टॅट 5 अंशांवर पुरतो. खरी उणीव एकच : वीज गेली की संरक्षण संपलं. तेव्हा पाणी काढून टाकता यावं म्हणून लाइनच्या सर्वांत खालच्या जागी ड्रेन वॉल्व्ह ठेवा.