परदेशी नोकरीचं ऑफर लेटर पैसे भरण्याआधी कसं तपासायचं

परदेशातल्या नोकरीच्या नावाखाली फसलेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, "एवढे पैसे भरेपर्यंत कळलं कसं नाही?" पण एवढे पैसे एकदम कोणी मागतच नाही. पहिली मागणी छोटी असते. कागदपत्रांची पडताळणी, फाइल उघडणं, असं काहीतरी. पुढे मिळणाऱ्या पगाराच्या मानाने ती किरकोळ वाटते. मग मेडिकल, मग विमा, मग व्हिसा, मग 'रुजू झाल्यावर परत मिळणारं' डिपॉझिट. तिसऱ्या-चौथ्या मागणीला माणूस नोकरीसाठी पैसे भरतच नसतो, आधीचे बुडू नयेत म्हणून भरत असतो. "आता थांबलात तर फाइल बंद होईल" हे वाक्य नेमकं तेव्हाच ऐकवलं जातं.

म्हणून तपासणी पहिला पैसा देण्याआधी व्हायला हवी, आणि ती तुमच्या बाजूने. बहुतेक जण तपासतात, हे लक्षात घ्या. फक्त समोरच्याने दिलेल्या लिंकवर तपासतात, त्यानेच दिलेल्या नंबरवर फोन करतात. तिथे सगळं खरंच निघणार, कारण ती लिंक आणि तो नंबर त्याचाच आहे.

ऑफर लेटर नीट समोर ठेवून बघा. लोगो, शिक्का, सही यांना काहीच अर्थ नाही, ते खऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून उचलता येतात. बघायचा तो ईमेलचा पत्ता, आणि त्यातही 'ॲट' चिन्हाच्या पुढचा भाग. जीमेलसारखा फुकटचा पत्ता असेल तर संशयाला तिथेच जागा आहे. पण सराईत टोळ्या स्वतःचं डोमेन, म्हणजे 'ॲट'च्या पुढे येणारं संकेतस्थळाचं नाव, विकत घेतात. कंपनीच्या मूळ नावाला आडवी रेघ देऊन पुढे 'करिअर्स' किंवा 'जॉब्स' जोडतात. नाहीतर 'एम' या इंग्रजी अक्षराच्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरं चिकटून टाकतात. मोबाइलच्या पडद्यावर हा फरक डोळ्यांना दिसत नाही. पत्ता कॉपी करून मोठ्या अक्षरात चिकटवा, मग दिसतो. डोमेन कधी नोंदवलं ते 'हू इज' (WHOIS) या डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या ऑनलाइन शोधात फुकट कळतं. अनेक वर्षं चालू असलेल्या कंपनीचं डोमेन दोन महिन्यांपूर्वीचं असेल, तर पत्र तिच्याकडून आलेलं नाही असंच धरून चाला. शेवटी कंपनीचं संकेतस्थळ स्वतः शोधून उघडा, तिथला मुख्य फोन नंबर फिरवा आणि ही जागा खरंच आहे का, पत्रावर सही करणारी व्यक्ती तिथे काम करते का, ते विचारा. एवढ्या एका फोनने बहुतेक प्रकरणं तिथेच संपतात.

मुलाखतीवरूनही अंदाज येतो. फक्त व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर चॅट, कामाबद्दल एकही खोलातला प्रश्न नाही, आणि दुसऱ्या दिवशी निवड झाल्याचं पत्र. ज्या मालकाला दुसऱ्या देशातून माणूस आणायचा आहे, त्याला खर्च आणि कागदपत्रांची यातायात दोन्ही करावी लागते. तो इतक्या सहज कोणाला घेत नाही.

त्या देशाचा नियम माहीत असला की खोटं लवकर पकडता येतं. कॅनडाचंच बघा. तिथे बऱ्याच नोकऱ्यांसाठी मालकाला आधी 'एलएमआयए' म्हणजे लेबर मार्केट इम्पॅक्ट असेसमेंट, परदेशी माणूस घेतल्याने तिथल्या नोकऱ्यांवर काय परिणाम होईल याचं सरकारी मूल्यांकन, घ्यावं लागतं. त्याचं शुल्क दर जागेमागे १००० कॅनडियन डॉलर आहे. ते मालकानेच भरायचं असतं, कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. म्हणजे 'एलएमआयए'चे पैसे तुमच्याकडे मागणारा एकतर ठग आहे, नाहीतर कायदा मोडणारा मालक. शिवाय 'एलएमआयए' म्हणजे वर्क परमिट नव्हे. परमिटसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. त्याची १५५ डॉलर आणि बायोमेट्रिकची ८५ डॉलर फी सरकारी संकेतस्थळावर भरता येते, कोणाच्या खासगी खात्यात नाही.

ब्रिटनमध्ये 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' या नावानेच घोळ होतो. सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र पाठवून लोकांना भुलवलं जातं. प्रत्यक्षात ती गृहखात्याच्या प्रणालीतली इलेक्ट्रॉनिक नोंद असते, तिला एक क्रमांक असतो आणि तो मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करावा लागतो. कोणत्या कंपन्यांना परदेशी माणसं घेण्याचं लायसन्स आहे, त्याची यादी सरकारच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली आहे. पण यादीत नाव सापडलं म्हणून निर्धास्त होऊ नका, यादीतल्याच कंपन्यांची नावं वापरली जातात. केअर वर्करच्या, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करण्याच्या, जागा दाखवून तर फार लोकांना लुबाडलंय. २२ जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवी भरती बंद आहे. तरीही कोणी ती देऊ करत असेल, तर पुढचं बोलायचंच नाही.

एजंटच्या फीबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराचं मूळ तत्त्व असं की खासगी भरती संस्थेने कामगाराकडून शुल्क घेऊ नये. काही देशांत ठरावीक मर्यादेपर्यंत मुभा आहे. तिथे लायसन्स नंबर सरकारी यादीत पाहा, पैसे संस्थेच्याच खात्यात भरा आणि पावती घ्या. रोख, क्रिप्टो किंवा 'आमच्या अकाउंटंटच्या' वैयक्तिक खात्यात, काहीही देऊ नका.

व्हिसा 'मंजूर' झाल्याचा कागद क्यूआर कोडसकट येतो. कोड स्कॅन केला की पानावर तुमचं नाव आणि हिरव्या अक्षरात 'अप्रूव्ड'. ते पानही त्यांनीच बनवलेलं असतं. पडताळणीसाठी सरकारी संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा, नाहीतर दूतावासाला विचारा.

आता सगळ्यात गंभीर भाग. "टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून घेऊ" असं कोणी म्हणालं, तर जाऊ नका. टुरिस्ट व्हिसावर काम करणं जवळपास सगळीकडे बेकायदा असतं. तिथे पगार बुडाला, तर तक्रार करताना तुम्हीच आधी गुन्हेगार ठरता. याहून वाईटही घडतं. थायलंडमध्ये कस्टमर सपोर्ट किंवा डेटा एन्ट्रीची नोकरी सांगून लोकांना थायलंडच्या सीमेवरच्या माए सॉट गावामार्गे नदीपलीकडे म्यानमारच्या म्यावडीत नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक अशा कामात अडकलेले होते. साधं टायपिंग, अनुभवाची अट नाही, पगार मात्र भरपूर आणि तिकीटही त्यांचंच, अशी ऑफर आली तर खर्च वाचला म्हणून खूश होऊ नका. इथे पैसे मागितले जात नाहीत, म्हणूनच संशय येत नाही.

पैसे गेले असतील, तर पहिला फोन बँकेला, त्याच तासाला. नंतर पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार. चॅट डिलीट करू नका, कितीही संताप आला तरी. मूळ ईमेल तसाच ठेवा, कारण फॉरवर्ड केलेल्या प्रतीत तो नेमका कुठून आला याचा तपशील राहत नाही. पासपोर्टची प्रत दिली असेल तर तेही तक्रारीत लिहा. तुमच्या नावावर खातं किंवा सिम निघालं, तर ही नोंद उपयोगी पडते.

आणि काही आठवड्यांनी फोन येईल. "तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा." फसलेल्यांच्या याद्या टोळ्या एकमेकांना विकतात. हा बहुतेक वेळा त्यांच्यातलाच माणूस असतो, आणि तुमचं नाव, रक्कम, तारीख सगळं तो अचूक सांगेल. फोन ठेवून द्या आणि तो नंबर आधीच्या तक्रारीला जोडा.