हेड उघडलंय: बोल्ट जुने की नवे, गॅस्केट साधं की स्टीलचं?

डिझेल इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरलं की मेकॅनिक दोन गोष्टी विचारतो: बोल्ट तेच लावू का, आणि गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा सिलिंडरांचा ब्लॉक यांच्यामधलं सील, कुठलं आणू? ही उत्तरं वेगवेगळी देऊ नका. गॅस्केट दाबून धरायचं काम बोल्टच करतात, त्यामुळे एकाचा निर्णय दुसऱ्यावर अवलंबून असतो.

जुन्या पद्धतीच्या बऱ्याच ट्रॅक्टर इंजिनांत हेड बोल्ट नुसत्या टॉर्कवर, म्हणजे पान्याच्या ठरलेल्या पिळाच्या जोरावर, आवळतात. ते कायमचे ताणले जात नाहीत, म्हणून मॅन्युअलची हरकत नसेल तर पुन्हा लावता येतात. आधी बोल्ट डिझेलमध्ये धुवा, पुसा आणि नवा नट बोटांनी आट्यांवर शेवटपर्यंत फिरवा. सरसर गेला तर ठीक. मध्येच जड झाला तर तिथे आटे लांबलेत किंवा दबलेत. असा एक जरी निघाला तरी मी पूर्ण संच बदलायला सांगेन.

स्कोडाच्या जुन्या ऑक्टाव्हियाचं १.९ टीडीआय डिझेल इंजिन घेतलं तर हिशेब बदलतो. तिथे दहा बोल्ट ४० न्यूटन-मीटरला, मग ६० ला आवळायचे आणि पुढे ९०-९० अंशांचे दोन फेरे द्यायचे. पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच प्रत्यक्ष दाबात उतरतो, बाकीचा घर्षणात जातो. म्हणून शेवटची आवळणी अंशांवर करतात, आणि त्यात बोल्ट कायमचा ताणला जातो. इथे नट फिरवून पाहण्यावर विसंबू नका. हेड निघालं की बोल्ट नवेच. उघडझाकीची मजुरी बघता इथली बचत मला मुळीच पटत नाही.

आता गॅस्केट. फायबर-पत्र्याचं कंपोझिट गॅस्केट दाबाखाली बसतं, पृष्ठभागाचे बारीक ओरखडे झाकून घेतं. थरांच्या स्टीलचं, म्हणजे एमएलएस, जास्त दाब सहन करतं आणि आवळल्यावर फारसं बसत नाही, पण त्याला हेड आणि ब्लॉक दोन्ही गुळगुळीत आणि सपाट लागतात. ग्राइंडरला खरखरीत चकती लावून साफ केलेल्या ब्लॉकवर महागडं एमएलएस टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. पृष्ठभाग नीट करायची तयारी नसेल आणि मॅन्युअलला चालत असेल, तर कंपोझिटच घ्या.

दुकानात सर्वांत जास्त चूक होते ती जाडीत. टीडीआयच्या गॅस्केटच्या कडेला जाडीची खूण म्हणून एक, दोन किंवा तीन भोकं असतात; जास्त भोकं म्हणजे जास्त जाड. पिस्टन ब्लॉकच्या वर ०.९१ ते १.०० मिमी येत असेल तर एक, १.१० पर्यंत दोन, १.२० पर्यंत तीन. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि ब्लॉक तेच असतील तर जुन्यावर जितकी भोकं तितक्याचंच आणा. यातलं काही बदललं असेल तर डायल गेजने मोजून घ्या. पातळ बसवलं तर पिस्टन व्हॉल्व्हला लागायची भीती. जाड बसवलं तर कॉम्प्रेशन पडतं आणि थंडीत गाडी सुरू व्हायला त्रास देते. ‘थोडं फेस मारून घेऊ’, म्हणजे हेडचा पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करू, हेही या हेडला चालत नाही. ०.१ मिमीपेक्षा जास्त वाकलं असेल तर हेडच बदलावं लागतं.

दोन्हीकडे सारखं एकच: बोल्टच्या भोकातलं तेल-पाणी हवा मारून काढा. बंद भोकात ते राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकू शकतो.

बसवल्यानंतरची काळजी मात्र वेगळी. कंपोझिटवाल्या जुन्या इंजिनात, मॅन्युअलने सांगितलं असेल तेव्हा, इंजिन चालवून हेड पुन्हा टॉर्कला आवळा आणि त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळचा गॅप, परत सेट करा, कारण हेड खाली बसलं की तो बदलतो. टीडीआयच्या अंशांवर आवळलेल्या बोल्टना मात्र पुन्हा पाना लावू नका.