‘छापल्याप्रमाणे’: विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नाचं परीक्षण

रुग्णालयात लागलेली आग, शाळेच्या गाडीची अवस्था, कोसळलेलं होर्डिंग, पोलीस ठाण्यात न घेतलेली तक्रार. अशा गोष्टींवर सरकारकडून जाहीर उत्तर घ्यायचं तर आमदाराच्या हातात चार-पाच संसदीय आयुधं असतात. त्यांत तारांकित प्रश्नाचा मान मोठा. मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्नही झेलावे लागतात. तरीही बहुतेक तारांकित प्रश्न बोथट निघतात, आणि त्याचं कारण सभागृहात नसून प्रश्नाच्या कागदावर असतं. निकाल आधीच सांगून टाकतो: पाच भागांच्या प्रश्नातला पहिला भाग नीट बांधला असेल तर ही सेवा पैसा वसूल, तो ढिसाळ असेल तर पुढचे चार भाग छापून कागद खराब करण्यात अर्थ नाही.

सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न संसदेत नेण्यापेक्षा विधिमंडळात नेणं का बरं, ते आधी पाहू. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात, राज्यसभेत १५. पण पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतले विषय. त्यामुळे खासदाराने एखाद्या शहरातल्या गुन्ह्यांबद्दल विचारलं की गृह मंत्रालयाच्या उत्तराची सुरुवात ठरलेली: हे राज्यांचे विषय आहेत. पुढे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचा तक्ता जोडला की संपलं. विधानसभेत किंवा विधानपरिषदेत गृहमंत्र्यांना ही पळवाट नाही. ठाणं त्यांचं, फौजदार त्यांचा, उत्तरही त्यांचंच.

आता मुख्य मालाकडे. महाराष्ट्रातला तारांकित प्रश्न एका ठरीव साच्यात येतो. ‘सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, आणि मग भाग. पहिला: अमुक ठिकाणी अमुक घडल्याचे दिनांक तमुक रोजी वा त्या सुमारास निदर्शनास आले, हे खरे आहे काय. दुसरा: असल्यास, तपशील काय. तिसरा: असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. चौथा: चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. पाचवा: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत.

साचा बघायला चोख आहे. खोड एकच: सगळी माळ पहिल्या मण्यावर ओवलेली. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असं उत्तर आलं की दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत एकच शिक्का बसतो: ‘प्रश्न उद्भवत नाही’. खात्यात उत्तराचा मसुदा करणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याचं काम पाच मिनिटांत होतं.

हे ‘खरे नाही’ येतं कुठून? बहुतेक वेळा सरकार धडधडीत खोटं बोलत नसतं. प्रश्न वर्तमानपत्राच्या कात्रणावरून लिहिलेला असतो. कात्रणात मृतांचा आकडा एक, सरकारी नोंदीत दुसरा. तारीख एका दिवसाने मागेपुढे. रुग्णालयाला ‘उपजिल्हा’ म्हटलंय, नोंदीत ते ‘ग्रामीण’ आहे. एवढ्या एका फरकावर अख्खं विधान ‘खरे नाही’ ठरवता येतं, आणि नियमाच्या भाषेत ते चूकही म्हणता येत नाही. ‘वा त्या सुमारास’ हे शब्द तारखेच्या चुकीवर पांघरूण घालतात, आकड्याच्या चुकीवर नाही. तसंच ‘निदर्शनास आले’. कुणाच्या निदर्शनास? खात्याला कुणी लेखी कळवलंच नसेल तर खातं निवांत नकार देतं.

दुसरा सापळा ‘हे अंशतः खरे आहे’चा. एका वाक्यात तीन दावे कोंबले की हे उत्तर हमखास येतं. आग लागली, यंत्रणा बंद होती आणि अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केलं. यातलं कुठलं खरं, कुठलं नाही, ते मंत्री ठरवणार. आग लागल्याचं कबूल करायला कुणाचंच काही जात नाही.

भंडाऱ्याचं उदाहरण घेऊन बघा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला आग लागली आणि १० बालकं दगावली. असा प्रश्न लिहिताना पहिल्या भागात फक्त निर्विवाद तेवढंच ठेवावं: या रुग्णालयाच्या या कक्षात या दिवशी आग लागली, हे खरे आहे काय. याला ‘होय’ सोडून उत्तरच नाही. मृतांची संख्या दुसऱ्या भागात ‘किती’ म्हणून विचारावी, म्हणजे आकडा सरकारच्या तोंडून येतो. ‘दुर्लक्ष’, ‘अक्षम्य’, ‘हलगर्जीपणा’ हे शब्द भाषणासाठी राखून ठेवावेत. प्रश्नात घातले तर विधिमंडळ सचिवालयाच्या छाननीत कात्री लागते, नाहीतर मंत्र्याला नाकारायला आयती जागा मिळते.

खरं काम तिसऱ्या-चौथ्या भागात. ‘चौकशी केली आहे काय’ याला ‘होय, चौकशी सुरू आहे’ हे उत्तर अनंतकाळ पुरतं. त्याऐवजी चार गोष्टी मागाव्यात: चौकशीच्या आदेशाची तारीख, चौकशी अधिकाऱ्याचं पदनाम, अहवालाची मुदत, आणि अहवाल शासनाला सादर झाल्याची तारीख. चारही कागदावर असतात, मताचा प्रश्नच येत नाही. आणि पाचव्या भागातलं ‘नसल्यास’ काढून टाकावं. चौकशी झालेली असली तरी त्या भागाचं ‘प्रश्न उद्भवत नाही’ याच एका शब्दाच्या आधारावर उभं असतं.

आगीच्या प्रश्नात आणखी एक नेमकी जागा आहे आणि तिचा उपयोग फारच थोडे करतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, नमुना ‘ब’ मध्ये द्यायचं असतं. ‘फायर ऑडिट झाले आहे काय’ असं विचारलं की ‘होय’ मिळतं, कारण ऑडिट कधीतरी झालेलंच असतं. त्याऐवजी विचारावं: गेल्या जुलैत जिल्ह्यातल्या किती रुग्णालयांकडून नमुना ‘ब’ येणं अपेक्षित होतं, किती आले, न आलेल्यांपैकी कितींना नोटीस दिली. तीन आकडे. पहिल्या दोहोंतली तफावत हीच बातमी, आणि तिसरा आकडा शून्य आला तर उपप्रश्न वेगळा शोधायला नको.

शाळांबाबतही तसंच. बदलापूरच्या शाळेत मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही बसवणं सक्तीचं केलं. त्यावर येणारे प्रश्न बहुधा ‘किती शाळांत कॅमेरे बसले’ एवढ्यावर थांबतात. त्याच निर्णयात मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासावं असंही आहे. त्या तपासणीची नोंदवही किती शाळांत ठेवली जाते, आणि शिक्षणाधिकाऱ्यांनी ती किती ठिकाणी पाहिली, हे विचारावं. कॅमेरा भिंतीवर दिसतो. नोंदवही असली तरच दिसते.

सगळ्यात जास्त फटका मात्र खातं चुकल्याने बसतो. ‘रुग्णालय’ म्हटलं की प्रश्न सरळ आरोग्यमंत्र्यांना टाकतात. भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचं, तिथे ते बरोबर. पण एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूच्या टाकीला गळती लागली ते नाशिकचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय महापालिकेचं, म्हणजे नगरविकास. ऑगस्ट २०२३ मध्ये एका रात्रीतल्या मृत्यूंमुळे गाजलेलं कळव्याचं रुग्णालयही ठाणे महापालिकेचं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चर्चेत आलेलं नांदेडचं रुग्णालय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण. बाहेरून बघणाऱ्याला चारही ‘सरकारी दवाखाने’. प्रश्न चुकीच्या दारात गेला तर तो एका खात्याकडून दुसऱ्याकडे वर्ग होत राहतो, प्रत्येक खात्याच्या उत्तरांचा वार वेगळा असल्याने यादीतली जागा जाते, आणि तोवर अधिवेशन संपतं.

घाटकोपरच्या होर्डिंगने तर याचा नमुनाच घालून दिला. १३ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात ते पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ जणांचा जीव गेला. आकार १२० फूट बाय १२० फूट; महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली. रेल्वे पोलीस म्हणजे केंद्राचं रेल्वे सुरक्षा दल नव्हे, ते राज्याच्या गृह खात्याखाली येतात. महापालिका नगरविकासाखाली. गृह खात्याला विचारा, ते आकाराच्या परवानगीबद्दल महापालिकेकडे बोट दाखवेल. नगरविकासाला विचारा, ते जागेच्या ताब्याकडे. अशा विषयात दोन स्वतंत्र प्रश्न द्यावेत: गृह खात्याला जागा कुणाला, कोणत्या आदेशाने, किती मुदतीसाठी दिली एवढंच, नगरविकासाला मर्यादेपेक्षा मोठ्या फलकाबाबत कधी आणि किती नोटिसा बजावल्या एवढंच. एकत्र खिचडी केली की दोघेही सुटतात.

आता सभागृहातली सेवा. अध्यक्ष प्रश्न पुकारतात, मंत्री म्हणतात ‘छापल्याप्रमाणे’. छापील उत्तर आधीच सदस्यांच्या हातात असतं, त्यामुळे खेळ तिथून सुरू होतो. विषय सारखा असला की अनेक सदस्यांचे प्रश्न एकत्र छापले जातात, आणि नावं दहा-बारा असली की प्रत्येकाला उभं राहायचं असतं. बहुतेक जण दोन मिनिटं प्रास्ताविक करतात, मग एका श्वासात चार उपप्रश्न विचारतात. मंत्री त्यातला सर्वात सोपा उचलतात आणि उरलेल्यांवर ‘माहिती घेऊन सदस्यांना अवगत केले जाईल’ म्हणतात. अनुभवी सदस्य एकच उपप्रश्न विचारतात, आणि तोही ‘कधीपर्यंत’चा. ‘कारवाई करणार काय’ याला ‘नक्की करू’ पुरतं. ‘किती दिवसांत’ याला एक तर आकडा द्यावा लागतो, नाही तर सगळ्यांसमोर टाळावं लागतं, आणि टाळलेलं इतिवृत्तात जसंच्या तसं उतरतं.

‘माझ्या दालनात बैठक लावू’ हे मंत्र्यांचं आवडतं उत्तर. ऐकायला गोड, पण बैठक सभागृहाबाहेरची. तिथे काय ठरलं ते सभागृहाच्या नोंदीत येत नाही. त्यावर लगेच विचारावं की बैठकीचं इतिवृत्त पटलावर ठेवणार का. उत्तर अगदीच तोकडं असेल तर प्रश्न राखून ठेवण्याची विनंती अध्यक्षांना करता येते. ती मान्य झाली तर मंत्र्याला पुन्हा तयारी करून यावं लागतं. पण त्यासाठी छापील उत्तरातली विसंगती बोट ठेवून दाखवावी लागते. आवाज चढवून भागत नाही.

शेजारच्या मालाबद्दल थोडक्यात. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, ताज्या घटनेसाठी बरी, कारण तारांकिताची सूचना बरीच आधी द्यावी लागते आणि घटना काही वेळापत्रक बघून घडत नाहीत. मात्र लक्षवेधींची रांग लांबली की चर्चा घाईत उरकते. औचित्याचा मुद्दा म्हणजे विषय कानावर घालणं, तिथल्या तिथे उत्तराची अपेक्षा धरू नये. अर्धा तास चर्चा हे मात्र दुर्लक्षित रत्न आहे: तारांकित उत्तरातून निघालेला एकच धागा धरून बसता येतं. अतारांकित प्रश्नात लेखी उत्तरावर समाधान मानावं लागतं, पण जिल्हावार तक्ता हवा असेल तर तोच मागवावा. तक्त्यासाठी तारांकित वापरणं म्हणजे तलवारीने भाजी चिरणं.

विक्रीनंतरची सेवा कमकुवत, पण आहे. सभागृहात मंत्री ‘करू’, ‘तपासू’, ‘पटलावर ठेवू’ म्हणाले की ते आश्वासन ठरू शकतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला दोन्ही सभागृहांच्या आश्वासन समित्या आहेत. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे आणि तिथे आश्वासन पुरं करायला तीन महिन्यांचा दंडक आहे. मुदतवाढ मागण्याची पद्धतही तितकीच जुनी असावी. पण मोघम बोललेलं समितीपुढे टिकत नाही. उपप्रश्नात तारीख काढून घेतली असेल तर समितीला हातात धरायला काहीतरी मिळतं.

आमदार नसलेल्यांनाही यातून काम करून घेता येतं. आपल्या आमदाराला नुसतं निवेदन देण्यापेक्षा प्रश्न साच्यात लिहून द्यावा: खातं, पहिल्या भागात एकच निर्विवाद वस्तुस्थिती, पुढे आकडे आणि तारखा, सोबत शासन निर्णयाची प्रत. उत्तर छापून आलं की प्रश्नाचा क्रमांक टिपून ठेवावा. मग माहिती अधिकारात त्या क्रमांकाच्या उत्तरासाठी क्षेत्रीय कार्यालयाने खात्याला पाठवलेला अहवाल मागावा. अर्ज १० रुपयांचा, विषय एकच, शब्द १५०च्या आत. छापील उत्तरात आणि त्या अहवालात फरक निघाला, तर पुढच्या अधिवेशनातल्या प्रश्नाचा पहिला भाग तयार झाला.