किटवर ‘५० वॅट’ छापलेलं दिसलं तर आधी हे वाचा

गिटारच्या रियाजासाठी घरीच छोटा सॉलिड स्टेट ॲम्प (म्हणजे ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टर-आयसीवर चालणारा) बनवायचा विचार असेल आणि त्यासाठी ऑनलाइन तयार किट मागवायला निघाला असाल तर पाच मिनिटं काढून हे वाचाच. मला चुना लागलाय आणि तो फार हुशारीने लावलाय. या लोकांची खरी गोम अशी की किट चालू होतं! चालूच झालं नाही तर आपण लगेच परत पाठवू ना, पण थोडे दिवस बरं वाजून मग मेलं तर तोपर्यंत रिटर्नची मुदत गेलेली असते आणि वर खापर आपल्याच सोल्डरिंगवर फोडता येतं.

जाहिरातीत काय होतं ते सांगतो. ओरिजिनल टीडीए २०५० (स्पीकर हलवणारा पॉवर ॲम्पचा आयसी), ५० वॅट, १५-०-१५ व्होल्टचा २ अँपिअर ट्रान्सफॉर्मर, ४७०० मायक्रोफॅरडचे दोन मोठे कपॅसिटर, प्रीॲम्पला (गिटारचा बारीक सिग्नल आधी उचलणारा भाग) जे २०१ फेट म्हणजे एक प्रकारचा ट्रान्झिस्टर, पीसीबी, पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटण), हीटसिंक सगळं एका डब्यात. स्पीकर तेवढा आपला. मी एका जुन्या बंद ॲम्पमधला ८ ओहमचा गिटार स्पीकर जपून ठेवला होता तो लावला.

चालू केल्यावर हम (मागची सततची घुंई) जरा जास्त वाटला, पण वाजत होता. क्लीन आवाज ठीक, पॉट अर्ध्यावर नेला की मात्र आवाज पिचल्यासारखा व्हायचा. आणि मग एकदा वाजवता वाजवता धप्प झालं, स्पीकरचा कोन पुढे आला तो मागे गेलाच नाही आणि वार्निश जळल्याचा वास सुटला. प्लग ओढेपर्यंत कॉइल गेलेली. मल्टिमीटर लावला तर आयसीची ४ नंबरची पिन म्हणजे आउटपुट आणि ५ नंबरची पिन म्हणजे पॉझिटिव्ह सप्लाय, दोन्ही आतून शॉर्ट. म्हणजे २१ व्होल्ट डीसी सरळ कॉइलवर, आणि ८ ओहमच्या स्पीकरचा डीसी रेझिस्टन्स साधारण साडेसहा ओहम असतो, हिशोब केला तर कागदावर साठ-सत्तर वॅट नुसती उष्णता. लोडखाली ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज बसलं म्हणून तेवढी मिळाली नसेल, पण कॉइल जाळायला पुरेशी होती. किटचं दुःख एक वेळ पचलं असतं, त्या स्पीकरचं नाही पचत.

विक्रेत्याला मेसेज टाकला तर चोराच्या उलट्या बोंबा. “सर तुम्ही पोलॅरिटी उलटी दिली असणार.” फोटो पाठवले. मग “सर हीटसिंक बरोबर बसवला नाही.” त्याचेही फोटो पाठवले. मग “आयसीला वॉरंटी नसते सर.” शेवटी अर्धे पैसे देतो पण आधी तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू काढा! काढला नाही, पैसेही आले नाहीत, विषय संपला.

आता आयसीची गोष्ट, कारण बनवाबनवी तिथेच आहे. मेलेला आयसी हातात घेऊन उजेडात तिरका धरला तर पुढचा काळा भाग मागच्यापेक्षा जास्त गुळगुळीत आणि एकसारखा दिसत होता, आणि साच्याचा जो छोटा गोल खड्डा असतो त्यात रंग भरल्यासारखं वाटत होतं. कापसाला ॲसिटोन लावून घासलं. कापूस काळाकुट्ट, आणि खाली बारीक समांतर चरे, म्हणजे मूळ छपाई घासून काढली, वरून काळा थर दिला आणि त्यावर नवीन नंबर मारला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. (ॲसिटोन खिडकी उघडी ठेवून, आणि जवळ गरम आयर्न नको.) मग दुखणं तसंच सोडवेना म्हणून पक्कडमध्ये धरून तो फोडला. सोबत एका जुन्या मल्टिमीडिया स्पीकरच्या बोर्डावरचा खात्रीचा टीडीए २०५० होता, तोही मेलेलाच, तोही फोडला. तांब्याच्या पट्टीवर सिलिकॉनचा जो चौकोनी तुकडा बसवलेला असतो तो माझ्या ‘ओरिजिनल’मध्ये उघड उघड लहान होता, भिंगाचीसुद्धा गरज पडली नाही.

हे काय असणार ते सांगतो. टीडीए २०३० आणि २०५० दोघांनाही पाचच पाय आणि पायांची रचना तीच. २०३० घासून त्यावर २०५० छापला की पीसीबीवर तो बिनबोभाट बसतो आणि वाजतोही. फरक मर्यादेत आहे. २०५० ची सप्लाय मर्यादा प्लस-मायनस २५ व्होल्ट, साध्या २०३० ची प्लस-मायनस १८. आता १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर घ्या, १५ गुणिले १.४१ म्हणजे २१, डायोडचा ड्रॉप वजा केला तरी २० च्या वर, आणि लोड नसताना आणखी थोडा जास्त. खऱ्या २०५० ला हे आरामात झेपतं. रंग बदललेल्या २०३० ला मात्र पहिल्या क्षणापासून मर्यादेच्या वर चालवलं जातंय, तो लगेच मरतोच असं नाही, रडतखडत चालतो, आणि मग एक दिवस स्पीकरला घेऊन जातो.

आणि ते ५० वॅट! २०५० च्या डेटाशीटवर ५० वॅट हा आकडा आहे, पण तो म्युझिक पॉवर म्हणून, म्हणजे क्षणभराचा. यांनी तेवढाच आकडा उचलून मोठ्या अक्षरात छापला. आपला हिशोब आपणच करायचा, कठीण काही नाही. प्लस आणि मायनस दोन्ही सप्लाय असलेल्या ॲम्पला प्लस-मायनस २१ मधून आतले दोन-तीन व्होल्ट सोडले तर शिखर १८ व्होल्ट मिळेल, १८ चा वर्ग भागिले दुप्पट ८ ओहम, झाले २० वॅट. तेही ट्रान्सफॉर्मर ताठ राहिला तर. १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालणारं ‘५० वॅट’ किट दिसलं तर हसून पुढे जा, कारण सिंगल १२ व्होल्टला शिखर जास्तीत जास्त ६, ३६ भागिले १६ म्हणजे सव्वादोन वॅट, ४ ओहमला साडेचार. ब्रिज करून (दोन ॲम्प एकाच स्पीकरला उलटसुलट जोडून) आउटपुट दिलं असेल तर चौपट होईल, तरी ८ ओहमला ९ च्या वर कागदावरसुद्धा जात नाही. ओहमच्या नियमाला सेल लागत नाही.

आयसीवरून संशय आला म्हणून बाकीचा डबा पण तपासला. ४७०० चे कपॅसिटर मीटरवर २००० च्याही खाली. इलेक्ट्रोलिटिकला २० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ३७६० पर्यंत मान्य, हे कुठल्या कुठे. वरचं प्लास्टिक ब्लेडने कापलं तर आत दुसऱ्या नंबरचं जुनं प्लास्टिक! हम का जास्त होता ते तिथेच कळलं. ट्रान्सफॉर्मर २ अँपिअरचा नाही हे हातात घेतल्यावर वजनावरून कळायला हरकत नव्हती, लोड दिला की व्होल्टेज धाडकन खाली. हीटसिंकसोबत मायका वॉशर (मधे ठेवायचा, वीज अडवणारा पातळ तुकडा) नव्हता आणि ही क्षुल्लक गोष्ट नाही, या आयसीचा पत्रा आतून मायनस सप्लायला जोडलेला असतो, हीटसिंक लोखंडी डब्याला टेकला आणि डबा ग्राउंडला असला की मायनस सप्लाय शॉर्ट. मी माझ्याकडचा मायका लावला होता म्हणून त्यातून वाचलो.

फेटचं पण ऐका. जे २०१ गिटारवाल्यांचा लाडका, आणि पायांच्या रूपात मोठ्या कंपनीने तो बनवणं बंद केल्यापासून नकली माल उदंड झालाय, खरा हवा तर एसएमडी (बोर्डावर वरूनच चिकटवायचा चिमुकला) घेऊन छोट्या बोर्डावर बसवावा लागतो. माझ्या किटमधले दोन्ही साधे एनपीएन ट्रान्झिस्टर निघाले. तपासायला सोपं आहे, गेट मोकळा ठेवून ड्रेन आणि सोर्समध्ये मल्टिमीटर लावा, खऱ्या फेटमध्ये दोन्ही दिशांनी साधारण सारखा रेझिस्टन्स दिसतो, ट्रान्झिस्टर असेल तर कलेक्टर-एमिटरमध्ये दोन्हीकडून ओपन. खरं सांगायचं तर फेटच्या नादी न लागता टीएल ०७२ हा ऑप-ॲम्प आयसी घ्या आणि इनपुटला १ मेगओहम ठेवा, पिकअपची ट्रेबल मरत नाही आणि काम होतं. सरळ एलएम ३८६ या छोट्या ॲम्प आयसीमध्ये गिटार खुपसणाऱ्यांचा आवाज बोदा येतो तो याचमुळे, त्याचा इनपुट इम्पीडन्स (गिटारच्या सिग्नलला समोर दिसणारा रोध) फक्त ५० किलोओहमच्या आसपास आहे.

आता कोणतंही किट आलं तर मी स्पीकर सगळ्यात शेवटी लावतो. आधी मेन्सला सिरीजमध्ये बल्ब, तो क्षणभर पेटून विझला पाहिजे, मग दोन्ही सप्लाय मोजायचे, मग आउटपुट ते ग्राउंड डीसी मोजायचा, काही मिलिव्होल्टच्या वर दिसला तर पुढे जायचं नाही. मग ८ ओहमचा मोठा वॅटचा रेझिस्टर लावून अर्धा तास तापवायचा. आणि हे सगळं माल आल्या आल्या, मुदत असेपर्यंत, डबा उघडतानाचा व्हिडिओ काढून. सुटे आयसी घ्यायचे तर अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून घ्या, आणि टीडीए २०३०, २०५० मूळ कंपनीने बंद केलेत हे लक्षात ठेवा, त्यामुळे कुणी ‘नवीन ताजा स्टॉक’ म्हणाला तर डेट कोड (कधी बनला ते सांगणारा आकडा) विचारा. पाय तेच हवे असतील तर एलएम १८७५ बसतो, पण नकली त्याचेही फिरतायत.

माझा ॲम्प आता खात्रीच्या एलएम १८७५ वर आहे, १२-०-१२ चा दुसरा ट्रान्सफॉर्मर लावून, म्हणजे प्लस-मायनस १६ व्होल्ट. ८ ओहमला दहा-एक वॅट निघतात आणि खोलीत पॉट अर्ध्याच्या वर न्यायची वेळ आलेली नाही. आउटपुटला डीसी आला की स्पीकर तोडणारा रिले तेवढा लावायचा राहिलाय, नवा स्पीकर त्यानंतरच घेणार, तोवर एका टाकाऊ स्पीकरवर चाललंय.