नर्सरी आणि बालवाडी, जवळपास वर्षभराचा अनुभव

जूनमध्ये लेकीला नर्सरीत घातलं तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती, आता एप्रिल संपत आला, आणि सोसायटीतल्या प्रत्येकीला तेच विचारायचंय की खरंच फायदा होतो का नुसती फी भरायची, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. दिवाळीनंतर आम्ही शाळा बदलली, त्यामुळे हा दोन ठिकाणचा अनुभव आहे.

पहिली शाळा घराजवळची. एसी, भिंतभर कार्टून, मोबाइलवर सीसीटीव्ही. फीचा आकडा ऐकून सासूबाई म्हणाल्या, एवढ्यात आमच्याकडे पोरगा इंजिनिअर झाला. आणि आत काय, तर स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन, स्लँटिंग लाइन, वह्याच्या वह्या. पोरीच्या बोटांत पेन्सिल धरायची ताकद नाही, ती मुठीत धरते, आणि डायरीत मिसचा शेरा की घरी प्रॅक्टिस घ्या. मग संध्याकाळी आम्ही दोघं रेघा काढून घ्यायला बसलेलो आणि बाईसाहेब टेबलाखाली. सप्टेंबरपासून रोज सकाळी पोट दुखायला लागलं, रविवारी मात्र एकदम ठणठणीत.

आताची एका जुन्या मराठी संस्थेची बालवाडी आहे. सतरंजी, वाळूचा हौद, डब्यांमध्ये चिंचोके, शिंपले, रिकाम्या काडेपेट्या. नवऱ्याने बघूनच तोंड वाकडं केलं, म्हणे हे तर घरीपण आहे. तिथल्या ताई म्हणाल्या, कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली ती अशाच आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंवर, महागडं माँटेसरी साहित्य परवडणार कुठे होतं. आणि खरंच, एकेक चिंचोका चिमटीत उचलून बाटलीत टाकायचा, कणीक मळायची, मटार सोलायचे, हे करून करून तिची पकड जी आली ती वह्या भरून आली नव्हती. आता शर्टाची बटणं स्वतः लावते, वरचं एक सोडून.

पण मला विचाराल तर खरा फायदा वेगळाच. एकदा लवकर आणायला गेले तर झाडांना पाणी घालायच्या झारीवरून लेकीची आणि एका मुलाची ओढाओढ चाललेली. ताई शेजारीच बसलेल्या, पण लगेच मध्ये पडल्या नाहीत. थोडा वेळ आरडाओरडा झाला आणि मग लेकीने झारी सोडली, म्हणाली, "तुझं झालं की माझा नंबर, पण लवकर हं." घरी ती एकटी, समोर आजी-आजोबा, तिथे नंबर कायम हिचाच! श्लोक, अंक, रंग हे सगळं आजीने घरीच शिकवलं असतं, हे नसतं जमलं.

वाईट बाजू पण सांगते. पावसाळाभर सर्दी-खोकला, त्यात हँड-फूट-माउथची, म्हणजे हातापायांवर आणि तोंडात फोड येणाऱ्या तापाची, साथ येऊन गेली, ऑफिसच्या रजा सगळ्या त्यात गेल्या. बालवाडी साडेअकराला सुटते, घरात आजी नसत्या तर आम्हाला हे परवडलंच नसतं.

नवरा आकडेवाला माणूस, त्याने अमेरिकेतले अभ्यास वाचून काढले. मिशिगनमध्ये 1962 पासून गरीब घरांतल्या 123 मुलांवर एक प्रयोग झाला, त्यातली प्रीस्कूलला गेलेली मुलं चाळिशीपर्यंत नोकरी-कमाईत न गेलेल्यांच्या पुढे राहिली. पण तिथे एका शिक्षिकेकडे मोजकी मुलं असायची आणि ती दर आठवड्याला घरीही जायची. उलट टेनेसी राज्याच्या सरकारी वर्गांचा अभ्यास 2022 मध्ये आला, त्यात तिथे गेलेली मुलं सहावीत न गेलेल्यांपेक्षा जरा मागेच निघाली. तेव्हा पाटी बघून काही कळत नाही, ॲडमिशनच्या आधी अर्धा तास वर्गात बसू द्या म्हणायचं आणि ताई मुलांशी बोलतात किती नि गप्प बसवतात किती ते बघायचं. आमच्या पहिल्या शाळेने पालकांना गेटच्या आत घेतलंच नव्हतं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा नातू अंगणवाडीत जातो. गाणी त्याला आमच्या लेकीपेक्षा जास्त येतात, खिचडी मिळते, वजन-उंची बघतात, पैसा एक नाही. फक्त सेविकाताईंच्या मागे लसीकरण, ॲपवरच्या नोंदी, सर्वे असं इतकं लावून दिलंय की मुलांसोबत बसायला वेळ उरतो तो तेवढाच.

आणि दीड-दोन वर्षांच्या बाळाला प्लेग्रुपला घालायची घाई कशाला? आपल्याकडे नर्सरीला तीन पूर्ण लागतात, पहिलीला सहा. घरी बघायला कोणी नसेल तर चांगलं पाळणाघर शोधा, त्यात कमीपणा काही नाही, पण शेजारचा जातो म्हणून नको.

आम्ही पुढचं वर्ष इथेच ठेवतोय, फी भरून झाली. पहिलीला इंग्लिश मीडियम का मराठी यावर घरात रोज वाद चालू आहेत, सासरे आणि मी एका बाजूला, नवरा दुसऱ्या.