रिंकल केअर किट: डब्यात सगळं आहे, कोरडं पुसायचं फडकं तेवढं नाही

पगचं पिल्लू घरात आलं की फोनला कुठून वास लागतो देव जाणे, दर दोन रील्सनंतर हा डबा दिसायला लागतो. झाकणावर सुरकुतलेल्या तोंडाचा गोड पग, खाली नॅचरल, पपी सेफ, व्हेट अप्रूव्ह्ड वगैरे वगैरे. आमच्या ह्यांनी मागवलाच. डिस्काउंट धरून १२०० च्या आसपास पडला. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण हाच डबा, ह्याच सहा वस्तू, तीन-चार वेगवेगळ्या लेबलांखाली मिळतायत, फोटोसुद्धा तोच, त्यामुळे एकाचं नाव घेऊन बाकीच्यांना सोडण्यात काय अर्थ. आत काय येतं तर वाइप्सचा डबा, नाकावरच्या घडीत लावायची पेस्ट, पावडर, शाम्पू, सिलिकॉनचा छोटा ब्रश आणि परफ्यूम. हो, कुत्र्याचा परफ्यूम.

आधी आमच्याबद्दल थोडं, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही डोंबिवलीचे, पिल्लू पगची मुलगी, शेपूट बघून लेकीने नाव ठेवलं चकली. सोसायटीतले सगळे काका लोक अजूनही तिला 'ती हचची जाहिरात' म्हणूनच हाक मारतात, हच ह्या मोबाइल कंपनीची २००३ ची पगवाली जाहिरात आहे ती, हचचं व्होडाफोन होऊन तेही आता नावापुरतं उरलं, पण पग म्हटलं की लोकांना अजून तेच आठवतं. त्या जाहिरातीनंतर घराघरात पग आले आणि त्याच्या सुरकुत्यांचं काय करायचं हे मात्र कोणी सांगितलं नाही.

तर त्या सुरकुत्या. माणसाने पिढ्यानपिढ्या चपट्या तोंडाची कुत्री निवडून निवडून पगची कवटी आखूड केली, वरची कातडी काही त्या मानाने कमी झाली नाही, मग ती जाणार कुठे, नाकाच्या वर घडी करून बसली. त्या घडीत डोळ्यातलं पाणी उतरतं, जेवताना दही-भात अडकतो, पाणी पिताना अर्धा बाऊल तोंडावर येतो आणि आत हवा काही जात नाही. उबदार, ओलं, अंधारं. यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आणि बॅक्टेरियांना अजून काय पाहिजे. यीस्टचं नाव मॅलासेझिया, ते तसं निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडं असतंच, ओल मिळाली की वाढतं. मग लाली येते, तपकिरी मेणचट घाण साचते, आंबूस वास येतो आणि पिल्लू सोफ्याला तोंड घासत फिरतं. ह्याला स्किन फोल्ड डर्माटायटिस म्हणतात. म्हणजे मूळ भानगड ओलीची आहे, आणि ह्या किटमधल्या सहापैकी चार वस्तू एकतर ओल्या नाहीतर चिकट. घडी कोरडी करायला अख्ख्या डब्यात साधा गॉजचा (जखमेच्या पट्टीचं जाळीदार कापड) तुकडा नाही! माझी सगळी तक्रार ह्या एका वाक्यात संपते खरं तर, पण एकेक वस्तू घेऊ.

वाइप्स. डबा उघडला की लॅव्हेंडरचा असा भपकारा येतो की चकलीला शिंक आली. मागे बारीक अक्षरात कोरफड, कॅमोमाइल, टी ट्री ऑइल, फ्रेग्रन्स. आता ह्यात जंतू मारणारं असं काय आहे? टी ट्री म्हणाल तर ते कुत्र्यांसाठी विषारी आहे, प्रमाण कमी असेल तर लगेच काही होत नाही, पण किती टक्के आहे हे लेबलवर लिहिलेलंच नाही आणि पगची जीभ सरळ नाकावर जाते, जे लावाल ते पोटात जाणार हे धरून चालायचं. कामाच्या वाइप्स वेगळ्या असतात, त्यांच्यावर क्लोरहेक्सिडीन (हे जंतुनाशक) २ किंवा ३ टक्के असं स्पष्ट लिहिलेलं असतं, काहींत सोबत मायकोनॅझोल असतं यीस्टसाठी. डॉक्टरांकडे किंवा प्राण्यांच्या मेडिकलमध्ये मिळतात, वास अजिबात छान नसतो. मी आता लेबलचा मागचा भागच आधी बघते, पुढच्या बाजूला पानं-फुलं जितकी जास्त तितका मागे आकडा सापडत नाही.

पण थांबा, क्लोरहेक्सिडीन मिळालं म्हणून लगेच तोंडाला लावायला घेऊ नका. ते शेपटीच्या बुडाशी, मानेखाली, काखेत ठीक आहे. नाकाची घडी डोळ्यापासून बोटभरसुद्धा लांब नसते, आणि क्लोरहेक्सिडीन डोळ्यात गेलं तर कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, इजा होऊ शकते. पगचे डोळे आधीच बाहेर आलेले, घडीतले केस जाऊन बुबुळाला घासतात ते वेगळंच. आमच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच व्हिजिटला डोळ्यात एका नारिंगी पट्टीचा रंग लावून निळ्या लाइटखाली बघितलं, कुठे ओरखडा असेल तर तिथे हिरवं चमकतं. नशिबाने काही नव्हतं. त्या म्हणाल्या पग एक डोळा मिटून बसला किंवा सारखा पंजा मारायला लागला तर उद्यावर ढकलायचं नाही, अल्सर (डोळ्यावरची जखम) एक-दोन दिवसात खोल जाऊ शकतो. आणि ह्या किटच्या पत्रकात नाकाच्या घडीसाठी आणि शेपटीसाठी एकच वाइप, डोळ्यांबद्दल अवाक्षर नाही. ह्यासाठीच मी एक स्टार कापला असता, बाकी सगळं चांगलं असतं तरी.

मग नाकाच्या घडीला काय करायचं? नॉर्मल सलाईनच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या मिळतात साध्या मेडिकलमध्ये, एक फोडायची, गॉज भिजवून पिळायचा, घडी अंगठ्याने हळूच उघडायची, डोळ्यापासून लांब जाईल अशा दिशेने पुसायचं आणि मग दुसऱ्या कोरड्या गॉजने आतून टिपून घ्यायचं. टिपायचं हं, घासायचं नाही. कापूस नको, त्याचे तंतू आत राहतात आणि डोळ्यात जातात. एवढंच. पुसणं रोज नाही केलं तरी चालतं, वास नसेल आणि आतली कातडी फिकट गुलाबी असेल तर सारखं ओलं करून उगाच कातडी खराब होते, पण कोरडं टिपणं मात्र रोज, आणि जेवणानंतर तर हमखास.

आता पेस्ट. पांढरी, जाड, 'मॉइश्चर बॅरियर'. घटकांत झिंक ऑक्साइड. लहान बाळांच्या रॅशक्रीममध्ये असतं तेच, बाळ ते चाटत नाही, पग चाटतो. झिंक पोटात गेलं की उलट्या होतात आणि सारखं जात राहिलं तर रक्तापर्यंत त्रास जाऊ शकतो. शिवाय आधीच ओल्या घडीवर बॅरियर लावला तर ओल आत बंद होते ना, बाहेर कशी जाणार. पेस्ट आम्ही उघडून, वाचून, बंद करून ठेवली. आमच्या आई (सासूबाई) म्हणाल्या त्यापेक्षा खोबरेल तेल आणि चिमूटभर हळद लाव, आमच्याकडे गुरांच्या जखमांना तेच लावायचे. प्रेमाने सांगत होत्या त्यामुळे मीही हसून विषय काढला मॅडमकडे. त्यांनी सांगितलं की उघड्या जखमेचं वेगळं आणि बंद घडीचं वेगळं, तेल घडीत बसून राहतं, वर घाण चिकटते. आईंना पटलं. हळद मात्र चकलीच्या फॉन (फिकट बदामी) कलरवर काय दिसली असती असं मला अजून वाटतं.

पावडरबद्दल फार लिहीत नाही. घडीत गेली, ओल लागली की लगदा होतो, आणि लगद्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. शिवाय बारीक पावडर चपट्या नाकाच्या कुत्र्याच्या तोंडाजवळ उडवायची हीच कल्पना मला कळत नाही, तिला नुसता श्वास घ्यायला घरघर करावी लागते. परफ्यूम थेट कचऱ्यात. वास येत असेल तर तो लपवायचा नसतो, तो आजार सांगत असतो.

शाम्पू बरा आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. सौम्य आहे, फेस कमी, केस मऊ झाले, खाज वगैरे काही आली नाही. कुत्र्याच्या कातडीचा पीएच आपल्यापेक्षा जास्त, न्यूट्रलच्या जवळचा असतो त्यामुळे आपला किंवा बाळाचा शाम्पू रोजच्याला वापरू नये म्हणतात, त्या दृष्टीने हा चालेल. पण इन्फेक्शन असेल तर ह्याने काही होणार नाही, त्याला औषधी शाम्पू लागतो आणि तो लावून दहा मिनिटं अंगावर ठेवावा लागतो, आता पिल्लाला दहा मिनिटं बाथरूममध्ये उभं ठेवून दाखवा. आम्ही चमच्याने दही चाटवत बसतो. लस चालू असताना अंघोळ कधी घालायची ते डॉक्टरांना विचारून घ्या, आम्हाला डोसनंतर काही दिवस नको सांगितलं होतं. ब्रश छान आहे, छोट्या हातात मावतो, लेक आवडीने फिरवते, आणि पगचे केस किती गळतात हे ज्यांच्याकडे पग आहे त्यांनाच माहीत, छोटे केस म्हणजे कमी केसगळती असं समजून पग घेतला असेल तर बसा आता झाडत.

एक गोष्ट किटशी थेट संबंधित नाही पण लिहायलाच हवी. आपल्याकडे लाल दिसलं की मेडिकलमध्ये जाऊन ते थ्री-इन-वन मलम आणायची सवय आहे, त्यात अँटिफंगल, अँटिबायोटिक आणि वर जोरदार स्टेरॉइड असतं. माणसांना पण ते असं लावू नये, कुत्र्याच्या घडीत तर नकोच. दोन दिवस लाली जाते, कातडी पातळ होते, इन्फेक्शन आत तसंच, आणि डोळ्यात गेलं आणि तिथे अल्सर असेल तर मोठं प्रकरण. डॉक्टर काय करतात तर घडीवर चिकटपट्टी किंवा स्वॅब लावून मायक्रोस्कोपखाली बघतात, यीस्ट आहे का बॅक्टेरिया आहेत का दोन्ही, आणि मग औषध. पिल्लाला तोंडावर किंवा पायावर गोल टक्कल पडायला लागलं तर तो वेगळा विषय, डेमोडेक्स नावाचा किडा असू शकतो, त्याला थोडी कातडी खरवडून बघतात, वाइप्सचा काही उपयोग नाही. किटच्या डब्यावर 'ऑल स्किन प्रॉब्लेम्स' लिहिलंय म्हणून सांगितलं.

पावसाळ्यात तर विचारू नका. जून ते सप्टेंबर इकडे माणसांचे टॉवेल वाळत नाहीत, पगची घडी कुठली वाळणार. फिरून आलं की पाय, पोट, शेपटीचं बूड आणि तोंड, ह्याच क्रमाने, तोंडाला वेगळं फडकं, जुन्या सुती साडीचे तुकडे सगळ्यात बेस्ट, रोज धुवून गरम इस्त्री फिरवायची. हेअर ड्रायर लावत असाल तर थंड हवेवर आणि लांबून, पग गरम फार लवकर होतो, चपट्या तोंडामुळे धापा टाकूनही उष्णता नीट बाहेर जात नाही. शेपटीखालची खाच लोक हमखास विसरतात कारण ती दिसतच नाही, शेपूट हलकेच उलगडून बोट घालून बघावं लागतं, चकलीला ते बिलकुल आवडत नाही, पण रोज दह्याच्या जोरावर चाललंय. लहानपणीच सवय लावा, मोठा पग सात-आठ किलोचा होतो आणि नको म्हटलं की नको असतो.

आता हिशोब. सलाईनच्या कुप्या, गॉजचं पाकीट आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या क्लोरहेक्सिडीनच्या वाइप्स, हे सगळं मिळून ह्या किटच्या निम्म्याच्या आसपास आलं आणि बरेच दिवस पुरतंय. साडीचे तुकडे फुकट. किट परत करायला गेलो तर उघडलेल्या वस्तू परत घेत नाही असं उत्तर, ते पेजवर कुठेतरी तळाशी लिहिलेलं आहे म्हणे. पाचपैकी दीड, एक शाम्पूचा, अर्धा ब्रशचा.

फ्रेंच बुलडॉगवाल्यांना आणि इंग्लिश बुलडॉगवाल्यांना पण हेच सांगेन, बुलडॉगचं शेपटीचं बूड तर पगपेक्षा वाईट असतं, आत खोल खड्डा. शार पेई कोणाकडे असेल तर त्यांनी किटच्या नादाला न लागता सरळ त्वचेच्या डॉक्टरांशी बोलावं, त्यांच्या सुरकुत्या कातडीत ह्यालुरोनिक अॅसिड जास्त साठल्यामुळे असतात, प्रकरणच वेगळं. आणि कोणी घरच्यांना गिफ्ट म्हणून हा किट द्यायचा विचार करत असेल तर त्याऐवजी गॉजचे दोन मोठे गठ्ठे द्या, दिसायला काही खास नाही पण वापरात येतील.