ग्राफ्टिंग न करता राणी तयार करायचं किट: डबा एकदम भारी, माहितीपत्रक मात्र डोक्याला ताप

मधमाशांच्या पेट्या नवीन आहेत आणि पहिल्यांदाच स्वतःची राणी तयार करून बघायचीये, अशा लोकांसाठी हे लिहितोय. जुन्या खेळाडूंना यातलं सगळं माहीत असणार, त्यांनी सरळ शेवटी जावं.

राणी तयार करायची म्हटलं की नवशिक्याला धडकी भरते ती ग्राफ्टिंगची. पोळ्याच्या घरातून एक दिवसाची अळी बारीक चमच्याने उचलायची आणि कपात ठेवायची, ती पण जशी होती तशीच, उलटी पडली तर संपलंच. अळी केवढी, तर स्वल्पविराम एवढी. चष्मा लागलेला माणूस किंवा हात थरथरणारा माणूस तिथेच हात टेकतो. या किटचा सगळा डाव असा की अळीला हात लावायचाच नाही. एक चौकोनी प्लास्टिकचा डबा आहे, त्यात शंभरच्या वर घरं, प्रत्येक घराच्या तळाशी मागून एक छोटा कप बसवलेला. पुढून जाळी. त्या जाळीतून कामकरी माशा ये-जा करतात पण राणी बाहेर पडू शकत नाही. राणीला आत सोडायचं, ती त्या कपांमध्येच अंडी घालते, मग आपण कप काढून पट्टीवर उलटे टांगायचे. बास. अळी कपासकट हलते.

आता हा डबा आणल्या आणल्या राणी आत कोंडायची नाही हां. नव्या प्लास्टिकला ती ढुंकूनही बघत नाही. आधी डबा रिकामाच जोरदार पेटीत मधोमध, पिलाव्याच्या (म्हणजे अंडी-अळ्या असलेल्या) दोन फ्रेममध्ये ठेवायचा, थोडं मध किंवा साखरेचं पाणी चोपडून, म्हणजे माशा चाटूनपुसून साफ करतात आणि त्याला पेटीचा वास लागतो. दोन-तीन दिवस राहिला तर उत्तम. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ आहे, ती पण सगळ्यात खाली.

डब्याची क्वालिटी खरंच चांगलीये. कप गडद तपकिरी आहेत आणि ही फार हुशारीची गोष्ट आहे, कारण पांढरं अंडं त्यावर लगेच दिसतं, पांढऱ्या कपात डोळे फुटायची वेळ आली असती. पहिल्या दिवशी अंडं तळाला उभं चिकटलेलं असतं, टाचणीसारखं ताठ, मग हळूहळू कलतं आणि तिसऱ्या दिवशी आडवं होतं. त्यानंतर फुटतं आणि एका थेंबभर दुधट रसात एवढीशी अळी वाकडी होऊन पडलेली दिसते. कप उन्हाकडे थोडा तिरका केला की तो रस चमकतो, अळी शोधायच्या आधी तो चमकताना दिसला पाहिजे. कोरडा कप असेल तर बाजूला ठेवून द्या. ज्या कपात अळी मोठी झालीये, गोल वळून तळ भरायला लागलीये, तो पण घेऊ नका. चोवीस तासांच्या आतली अळी पाहिजे. कारण सुरुवातीला कामकरीच्या अळीला पण राजान्नासारखाच, म्हणजे राणीच्या अळीला भरवतात तसाच, रस मिळतो, पुढे तिच्या खाण्यात मध-पराग मिसळायला लागतात, आणि जिला शेवटपर्यंत राजान्नच भरपूर मिळतं तीच राणी होते. उशिरा उचललेल्या अळीची राणी होते खरी, पण किरकोळ, अंडी कमी घालणारी. म्हणून राणीला डब्यात एक दिवसच कोंडायचं, म्हणजे सगळ्या अळ्या साधारण एका वयाच्या मिळतात. हा फायदा ग्राफ्टिंगमध्ये नाही, तिथे वय अंदाजानेच ओळखावं लागतं. माझ्या मते किटचे पैसे वसूल होतात ते इथेच, हात न लावण्यात नाही.

पण खोक्यावर 'कोणीही सहज राणी तयार करू शकतो' असं छापलंय ना, ते अर्धंच खरं. राणी किट तयार करत नाही, राणी तयार करतात नर्स माशा, म्हणजे अळ्यांना भरवणाऱ्या कोवळ्या कामकरी. म्हणजे एक वेगळी पेटी पाहिजे, बिनराणीची, माशांनी खच्चून भरलेली, कोवळ्या माशा भरपूर, पराग आणि मध दोन्ही भरपूर. अशा पेटीत कप टाकले की ती पोरकी वसाहत त्यांच्यावर तुटून पडते. कमजोर पेटीत टाकले तर दुसऱ्या दिवशी कप साफ रिकामे, अळ्या खाऊन टाकलेल्या, आणि लोक म्हणणार किट बोगस आहे. रिव्ह्यूंमध्ये एक स्टार देणाऱ्यांपैकी बरेच जण हेच लिहितात असं मला वाचताना वाटलं, त्यांच्या पेटीत माशा किती होत्या हे कोणीच सांगत नाही.

कप स्वीकारलेत की नाही हे दुसऱ्या दिवशी कळतं. कपाच्या कडेला ताज्या पांढऱ्या मेणाची बारीक किनार आलेली असते आणि आत राजान्न वाढलेलं असतं, पट्टीला माशांचा घोस लटकलेला असतो. तिथे जास्त वेळ खेळत बसू नका, बघा आणि ठेवून द्या. आणि त्या पेटीतल्या बाकीच्या फ्रेम्स पण झाडून नीट बघा, कारण बिनराणीच्या माशा कधी कधी स्वतःच्याच एखाद्या अळीवर राणीघर बांधतात. ती अळी आपल्यापेक्षा मोठी असली तर तिची राणी आधी बाहेर येणार आणि आपली सगळी राणीघरं कडेने फोडून आतल्यांना डंख मारून मोकळी होणार. असलं एक राणीघर जरी फ्रेमच्या कोपऱ्यात राहिलं तरी सगळी मेहनत पाण्यात.

आता माहितीपत्रक. हे ज्याने लिहिलंय त्याला एकदा समोर बसवून विचारायचंय. दिवस मोजायचे कुठून? एका पानावर दिवस राणी कोंडल्यापासून मोजलेत, पुढच्या पानावर कप पट्टीवर लावल्यापासून, आणि मध्येच 'चौदाव्या दिवशी पिंजरे लावा' एवढंच लिहिलंय (पिंजरे म्हणजे प्रत्येक राणीघरावर बसवायच्या छोट्या जाळ्या, राण्यांनी एकमेकींना मारू नये म्हणून), कुठल्यापासून चौदावा ते नाही. मेलिफेराची (पेटीत पाळतात ती मोठी परदेशी माशी) राणी अंडं घातल्यापासून साधारण १६ दिवसांत बाहेर येते, कामकरी २१, नर २४. १६ मधले पहिले ३ दिवस अंडं, मग कप हलवायचे चौथ्या दिवशी, आठव्या-नवव्या दिवशी राणीघर मेणाने बंद, म्हणजे चौदावा दिवस अंड्यापासूनचा. जो कप लावल्यापासून चौदा मोजेल त्याचा हिशोब अठराव्या दिवशी येतो, म्हणजे पहिली राणी दोन दिवस आधीच बाहेर पडून बाकीच्यांचा निकाल लावून मोकळी. गरमी जास्त असेल तर पंधराव्या दिवशी पण येतात, त्यामुळे चौदावा हा पक्का धरायचा. ते पत्रक फाडून टाका आणि कॅलेंडरवर स्वतः लिहा, अंड्याचा दिवस शून्य. आणि बंद झालेली राणीघरं आपटू नका, आडवी करू नका, आत पंख तयार होत असतात.

बाकीचं सामान ठीकठाक. पट्ट्या चांगल्या. कप अडकवायच्या खुंट्या मात्र ढिल्या आल्यात, दोन-तीन कप नुसत्या हाताच्या धक्क्याने निखळतात, वितळलेल्या मेणाचा थेंब लावला की बसतात, पण नवीन किटमध्ये हे का करावं लागतं? जाळीचे पिंजरे मस्त, माशा बाहेरून राणीला भरवू शकतात, तरी आत थोडं मध लावून ठेवा. विक्रेत्याला खुंट्यांबद्दल मेसेज टाकला होता, त्याने 'धन्यवाद' एवढंच पाठवलं.

एक गोष्ट किटवाले सांगत नाहीत आणि त्यांचं कामही नाही म्हणा, पण नवशिक्याने लक्षात ठेवावं. राणी पिंजऱ्यात दिसली म्हणजे झालं असं नाही. ती अजून कुमारी आहे. छोट्या पेटीत थोड्या माशांसोबत ठेवली की पाच-सहा दिवसांनी ती उडायला लागते, हवेत दहा-वीस नरांशी मिलन करते आणि ते बीज आयुष्यभर साठवून ठेवते. त्यामुळे सगळा उद्योग सुरू करायच्या आधी फ्रेमवर नर फिरताना दिसले पाहिजेत, नर जन्मल्यावर तयार व्हायलाच साधारण दोन आठवडे घेतो. सतत पावसाने तिला तीन-चार आठवडे उडताच आलं नाही तर ती पुढे नुसते नरच घालत बसते. घाईने रोज पेटी उघडू नका, बाहेरून परत आलेली राणी गोंधळते. दारात माशा पराग आणताना दिसल्या की मग शांतपणे उघडून अंडी बघा.

घ्यावं का? एकच पेटी असेल तर अजिबात नाही, तिच्यातूनच अंडी, तिच्यातूनच नर्स माशा, हे जमत नाही. अशा वेळी जोरदार पेटीचे दोन भाग करा, बिनराणीच्या भागात ताजी अंडी असलेली फ्रेम राहू द्या, माशा आपली आपण राणी करतात, फुकटात. तीन-चार पेट्या असतील, थोड्या राण्या एकदम पाहिजे असतील आणि डोळे साथ देत नसतील तर बिनधास्त घ्या. सातेरीवाल्यांनी (सातेरी म्हणजे आपली लहान देशी माशी) आधी मापं बघा, घरं आणि कप मेलिफेराच्या हिशोबाचे आहेत, सातेरीची घरं लहान असतात.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा स्टार खुंट्यांचा, एक अख्खा माहितीपत्रकाचा. किटमध्ये राणीवर ठिपका लावायचा पेन पण आलाय, लाल. लाल रंग ३ आणि ८ ने संपणाऱ्या वर्षांचा असतो, बाकीच्या वर्षी ज्याचा त्याने आणावा.